जुन्या गाडीचं दुखणं-खुपणं

आपण बायका बाजारात गेलो की वांगं दाबून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो, साडीचा पदर उजेडात धरून धागा तपासतो. दहा रुपयांची कोथिंबीर घेतानासुद्धा जुडीच्या पोटात काय दडवलंय ते बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. आणि घरात पाच-सहा लाखांची जुनी मोटार घ्यायची वेळ आली, की मात्र आपण चहा टाकायला आत जातो! बाहेर पुरुषमंडळी बॉनेट उघडून उभी असतात, कुणीतरी 'इंजिन एक नंबर आहे' असं म्हणतं आणि व्यवहार ठरतो. पुढे वर्षभर गॅरेजची बिलं मात्र घरखर्चाच्या पैशांतूनच जातात. मग ती गाडी बघायचा पहिला हक्क कुणाचा, तुम्हीच सांगा!

सध्या गावोगाव उंच बसणीच्या, आखूड गाड्या दिसतात. सगळे त्यांना 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. या गाड्या एवढ्या आखूड का, याची गंमत मला हल्लीच कळली. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर कमी झाला. मग कंपन्यांनी जीपसारखी उंच दिसणारी, पण लांबीत त्या मापात बसणारी गाडी काढली. इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, नेक्सॉन २०१७ मध्ये. त्या वेळी ज्यांनी हौसेनं घेतल्या, त्यांच्या गाड्या आता बाजारात येतात, आणि नव्या छोट्या गाडीच्या पैशांत जुनी मोठी गाडी मिळते म्हणून मध्यमवर्गीय घरं तिकडे वळतात. आम्हीही वळलो.

आमच्याकडे कारण हौसेचं नव्हतं. मामंजींना बुधवारी आणि शनिवारी डायलिसिससाठी तासगावहून मिरजेला न्यावं लागतं. जाताना ठीक असतात, पण येताना अंगात त्राण नसतं. एस.टी.चा प्रश्नच नाही. भाड्याची गाडी एका खेपेला दीड हजार घ्यायची, म्हणजे महिन्याला बारा-तेरा हजार झाले. शिवाय लग्नसराईत गाडीवाला आदल्या रात्री 'उद्या जमत नाही, वहिनी' म्हणायचा. आणि डायलिसिसला 'उद्या बघू' चालत नाही. भाऊजींची छोटी गाडी दोन-चारदा नेली, पण तिच्यात बसताना मामंजींना खाली वाकून शिरावं लागे आणि उतरताना दोघांनी धरून उपसावं लागे. उंच गाडीत खुर्चीवर बसावं तसं आडवं टेकता येतं आणि पाय आत घेता येतात. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही या जातीची गाडी शोधायला लागलो.

पैसे साडेसहा लाख होते. त्यात माझ्या अर्धवेळ शिकवणीच्या पगारातून पोस्टात टाकलेली आवर्ती ठेवही होती. यांचा डोळा सहा लाख चाळीस हजारांच्या एका गाडीवर होता. तिला छतात उघडझाप करणारी काच होती! मी म्हटलं, "मामंजींना मिरजेला जायचंय, आभाळ बघायला नाही." आणि कागदावर चार रकाने आखले. गाडी, टायर, कागदपत्रं व विमा, आणि चौथा रकाना 'दवापाणी'. या चौथ्या रकान्यात साठ हजार आधीच बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघायची, असं ठरवलं. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं, तुझ्या रकान्यांत बसेल ती शोधू."

जुन्या गाडीच्या व्यवहारातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच, असं मला वाटतं. सात वर्षांची गाडी घेतली म्हणजे सात वर्षांची रबरं, नळ्या, बेअरिंगं आणि बॅटरीसुद्धा घेतली. ती झिजणारच. त्यात फसवणूक नाही, वयाचा धर्म आहे. हातात असलेला पैसा सगळा किमतीत घातला, तर पहिल्याच दुरुस्तीला सोनं मोडायची किंवा उसनं मागायची पाळी येते.

एका विक्रेत्याकडे २०१८ ची गाडी पावणेपाच लाखांत सांगत होते. रंग लख्ख, सीटवर नवी कव्हरं, आत अत्तराचा भपकारा. मी मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढला. नेहमी बांधतो तेवढा नाही, अगदी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. मग पुढच्या सीटखाली हात घातला. सीट ज्यावर सरकते त्या पट्टीच्या खाचेत वाळलेला, पिठासारखा मऊ गाळ बोटाला लागला.

तो गाळ सांगली-तासगावकडच्या बाईला ओळखायला शिकवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत आमच्या वन्संच्या घरात पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही पाचजणी आठवडाभर गाळ काढत होतो. कपाटाच्या बिजागऱ्यांत, शिवणयंत्रात, अगदी मुलांच्या कंपासपेटीतही तो सापडायचा. पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये इकडे सांगलीत आणि तिकडे चिपळुणात पाणी आलं. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा विक्रीला येतात. त्या चालतात, पण वायरींच्या जोडांत गंज चढतो, गाडीच्या संगणकाच्या डब्या सहा महिन्यांनी दगा देतात, आणि बिघाड एका जागी नीट केला की दुसरीकडे डोकं काढतो. मी यांना खुणेनं रेघ दाखवली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, ते सर्व्हिसिंगच्या पाण्याचं आहे." आम्ही त्याला नमस्कार केला आणि उठलो.

म्हणून पहिली सूचना, की अत्तराचा वास आला तर काचा लावून दहा मिनिटं आत बसा. पायाखालची जाजमं उचला, डिकीतलं जादा चाक काढून त्याखालची खोबण बघा. ओल लपत नाही.

दुसरी सूचना, गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, की तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलीय. थंड गाडी कशी सुरू होते, त्यातच तिची तब्येत कळते. सुरू झाल्यावर कुणाला तरी मागे उभं करून धूर बघायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर सतत येत असेल तर इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला तर हरकत नाही, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तरी तीच शंका. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या डब्याचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असेल तेव्हाच उघडायचं. कुकरची वाफ आपल्याला माहीत आहे, त्यातलाच प्रकार आहे हा.

किलोमीटरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगचं कातडं चकाकतंय, चालकाची सीट एका बाजूला खचलीय आणि आकडा मात्र पस्तीस हजार, असं असलं तर समजून घ्यावं. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर प्रत्येक वेळचा किलोमीटरचा आकडा त्यांच्याकडे नोंदलेला असतो. मालकाला सोबत घेऊन तो मागावा. अपघात झालाय का, हे काचांवरून कळतं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीची आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका खुणेच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली ते विचारायचं. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. २३१७ असं असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. आम्ही शेवटी जी गाडी घेतली, तिचे चारही टायर सात वर्षांचे होते. नक्षी दिसत होती, पण रबर कडक झालं होतं आणि कडेला बारीक भेगा होत्या. त्या चार आकड्यांवर बोट ठेवून मी किंमत पाच लाख पासष्टवरून पाच लाख चाळीसवर आणली.

कागदांचं थोडक्यात सांगते. परिवहन विभागाच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर तो आर.सी.वरून उतरल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नये. पोलिसांचे दंड थकलेत का, तेही ऑनलाइन बघता येतं. विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० भरायचे असतात, आणि गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्यायची. 'करू सावकाश' म्हणू नये. विम्याची जुनी पॉलिसी मागून 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते बघा. सात वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम घेतला असण्याचा संभव आहे, आणि का घेतला हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही लक्षात ठेवा. दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्त म्हणून इकडे येऊ लागल्या. त्यांना तिकडची एन.ओ.सी. लागते आणि आपल्या राज्याचा करही वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशोब करावा.

सगळं बघून झाल्यावरही आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना हजार रुपये देऊन सोबत नेलं आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितली. हजार रुपये फुकट गेले असं त्यात कधी होत नाही. गाडी चांगली निघाली तर मन शांत होतं, वाईट निघाली तर लाख वाचतात.

अशी ही २०१७ ची, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची डिझेल गाडी २०२४ च्या जानेवारीत दारात आली. टायरना तीस हजार, विमा आणि नावावर करण्याला वीस हजार, आणि साठ हजार चौथ्या रकान्यात तसेच. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ती दुखणी कुठल्या एका कंपनीची नाहीत, या वयाच्या आणि या जातीच्या बहुतेक गाड्यांना ती होतात.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइलचा, हवेचा, डिझेलचा आणि एसीचा असे चारही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घेतलं. बिल नऊ हजार दोनशे. आधीच्या मालकानं 'महिन्यापूर्वीच केलंय' म्हटलं, तरी हे करावंच. आपल्या हिशोबाची सुरुवात आपल्या तारखेपासून झालेली बरी. त्या दिवशी मिस्त्रींनी जुना ऑइल फिल्टर काढून दाखवला. काळाकुट्ट झाला होता. मामंजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, म्हणजे हिची किडनीच की ही! हिची बदलली की दहा हजार किलोमीटर जाते. माझी आठवड्यात दोनदा बदलायची." मिस्त्रींना काय बोलावं कळेना. मीच हसून म्हटलं, "म्हणून तर तिची वेळेवर बदलायची, मामंजी."

दुसऱ्या महिन्यात गतिरोधकावरून जाताना पुढून 'टक-टक' असा आवाज येऊ लागला. एका गॅरेजात 'सगळं सस्पेन्शन बदलायला लागेल, अठ्ठावीस हजार' असं सांगितलं. या गाड्या उंच आणि वजनदार, आपले रस्ते हे असे, त्यामुळे पुढच्या चाकांचे लिंक रॉड आणि खालच्या आर्मचे रबरी बुश हे सगळ्यांत आधी जातात. वाहनात काहीही वाजलं की सगळं खराब झालं, असं नसतं. आमच्या मिस्त्रींनी गाडी उचलून एकेक जोड हातानं हलवून दाखवला. दोन लिंक रॉड आणि बुश, वर चाकांचं अलाइनमेंट, मिळून चार हजार सहाशे. आवाज बंद. शॉकॲब्सॉर्बर गेलेत की नाही हे बघायची सोपी रीत म्हणजे गाडीचा कोपरा जोरानं दाबून सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, पाळण्यासारखी झुलत राहिली किंवा शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसलं, तर मात्र खर्च आहे.

एप्रिलमध्ये एसी रुसला. डायलिसिसहून येताना दुपारची दोनची उन्हं, त्यामुळे हा बिघाड आमच्या घरात चैनीचा नव्हता. यात दोन प्रकार असतात, ते समजून घेतले की पैसे वाचतात. गाडी धावताना गार हवा येते आणि सिग्नलला उभी राहिली की गरम येते, तर बहुधा पुढच्या पंख्याचा किंवा कंडेन्सर तुंबल्याचा दोष असतो. गॅस भरल्यावर महिनाभर गार लागतं आणि पुन्हा तेच, असं असलं तर कुठेतरी गळती आहे. तिथे पुन्हापुन्हा गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आमची कूलिंग कॉइल गळत होती. ती डॅशबोर्डच्या पोटात असते, सगळं उसकून काढावं लागतं, म्हणून वस्तूपेक्षा मजुरी बोचते. नऊ हजार आठशे गेले.

पावसाळ्यात बॅटरी. ती एकाएकी मेली असं सगळे म्हणतात, पण आठ-दहा दिवस सकाळी गाडी सुरू होताना आवाज जड आणि रेंगाळता येत होता. तिसरं-चौथं वर्ष ओलांडलेली बॅटरी असा आवाज करायला लागली, की तपासून घ्यावी. दवाखान्याच्या दारात अडकण्यापेक्षा आपल्या दारात बदललेली बरी. सहा हजार दोनशे, जुनी परत देऊन.

सप्टेंबरात सगळ्यांत मोठं दुखणं आलं, ते क्लचचं. बुधवारी मी नेते आणि शनिवारी हे नेतात, त्यामुळे लक्षण आधी मला जाणवलं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी त्या मानानं पुढे सरकायची नाही. मागोमाग काहीतरी करपल्याचा वास. शहरात अर्धा क्लच दाबून गाडी चालवायची सवय असेल, तर क्लच प्लेट लवकर झिजते. आधीच्या मालकाची तशी सवय असावी. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, अजून हजार-दोन हजार किलोमीटर ओढेल." मी विचार केला, हे हजार-दोन हजार कुठे संपतील हे कोण सांगणार? मिरज रस्त्यावर, मामंजी मागे आडवे आणि गाडी कडेला? मी म्हटलं, "गुरुवारी सकाळी आणते, शुक्रवारी संध्याकाळी द्या." क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी, साडेचौदा हजार. क्लचमागचं फ्लायव्हील वाचलं होतं. काही डिझेल गाड्यांत ते दुहेरी वजनाचं असतं, आणि क्लच घसरत असताना तशीच गाडी हाकली की तेही खराब होतं. मग बिल दुपटीच्याही वर जातं. शनिवारी सकाळी सातला गाडी मिरजेच्या वाटेला होती.

त्यानंतर पुढचे ब्रेक पॅड, दोन हजार आठशे. आणि एका सकाळी गाडीखाली हिरवट पाण्याचे थेंब दिसले म्हणून कूलंटचा होज पाइप, एक हजार नऊशे. हा शेवटचा खर्च सगळ्यांत लहान, पण चुकवला असता तर सगळ्यांत मोठा झाला असता. कूलंट संपून इंजिन तापलं आणि गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट जातं. मग हजारांचा प्रश्न राहत नाही. तापमानाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला, की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

गॅरेजात बोलायचं कसं, हाही एक विषय आहे. पहिल्यांदा मी गेले तेव्हा बोलत होते मी आणि उत्तर यांना मिळत होतं! मी रागावले नाही. वही काढली, आवाज कुठून येतो, केव्हा येतो, गाडी थंड असताना की गरम, वळताना की ब्रेक दाबताना, हे लिहून नेलेलं वाचून दाखवलं. आवाज ऐकून दोष ओळखायची आपल्याला सवय असते. मिक्सर, पंखा, कुकर, सगळ्यांचं आपण आवाजावरूनच ओळखतो. दोन भेटींनंतर मिस्त्री माझ्याकडे बघून बोलायला लागले. तीन गोष्टी मी ठरवून करते. काम सुरू करायच्या आधी पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेते. पार्ट कंपनीचा आहे की बाजारातला, हे विचारते. एसीच्या फिल्टरला बाजारातला चालतो, ब्रेकला आणि क्लचला मी नावाजलेल्या कंपनीचाच घेते. आणि जुना काढलेला पार्ट दाखवायला सांगते. इंजिनाचा दिवा लागला तर आधी स्कॅनर लावून कोड काय येतो ते बघायचं, लगेच वस्तू बदलायची नाही. कित्येकदा दोष एखाद्या सेन्सरच्या सैल वायरीचा असतो.

डिझेल घ्यावी की पेट्रोल, असं शेजारच्या वहिनी विचारतात. आमच्यासारख्या आठवड्यात दोन लांब खेपा असतील तर डिझेल परवडतं. नुसतं शाळा, मंडई आणि देऊळ असेल तर पेट्रोलच बरी. डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो बिघडले तर खर्च भारी असतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम आले, त्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी धरणारा फिल्टर आला. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो, त्याला अधूनमधून हमरस्त्यावरची सलग दौड लागते. ऑटोमॅटिक चालवायला सोपी, पण जुनी घेताना तिची गिअरपेटी जाणकाराकडून तपासून घ्यावी, विशेषतः दुहेरी क्लचची असेल तर, कारण तिथली दुरुस्ती साध्या क्लचच्या कितीतरी पट जाते. छतातल्या काचेच्या कडेनं पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्या धुळीनं बुजल्या की पाणी आत ठिबकतं. आणि कंपनी इथे चालू आहे का, तेही बघावं. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस शेव्हरोलेची इथली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्या वाईट असतात असं नाही, स्वस्तही मिळतात. पण घ्यायच्या आधी आपल्या गावाजवळ त्यांचा पार्ट आणि जाणता मिस्त्री मिळतो का, याची चौकशी करावी.

वर्षाच्या शेवटी मी वहीतली बेरीज केली. दवापाण्याचे एकूण एकोणपन्नास हजार. साठातले अकरा हजार उरले. डिझेल एका खेपेला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे महिन्याचे तीन हजार. भाड्याच्या गाडीला वर्षाला दीड लाखाच्या वर गेले असते. हा हिशोब यांना दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या काचेच्या छताचं बरं झालं."

दुसऱ्या वर्षी खर्च निम्म्यावर आला, कारण झिजायच्या वस्तू एकदा बदलल्या की काही वर्षं साथ देतात. तरी चौथ्या रकान्यात मी दरमहा दोन हजार टाकते. पुढे शॉकॲब्सॉर्बर आहेत, मग कधीतरी इंजेक्टर आहेत. ते येतील तेव्हा येतील. एवढं नक्की, की त्या वर्षभरात एकही बुधवार किंवा शनिवार गाडीमुळे चुकला नाही.

ज्यांच्या घरी जुन्या गाडीचा विचार चालू असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. चहा गाडी बघून झाल्यावर टाका. सोबत वही न्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आणि किंमत ठरवायच्या आधी चौथा रकाना आखा. आता आमचे मिस्त्री गाडी परत देताना किल्ली माझ्याच हातात देतात आणि सांगतात, "वहिनी, जुना पार्ट डिकीत ठेवलाय, बघून घ्या."